यादीत नसलेली वाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

घसरतं ते काय?

सह्याद्रीचा काळा कातळ तसा भक्कम. घसरतो तो त्याच्यावरचा थर: कातळ कुजून झालेली माती, मुरूम, सुटे धोंडे. पावसाचं पाणी या थरात मुरतं, पण खालच्या अखंड कातळात सहजी शिरत नाही. अडकलेल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांमधली पकड सैल करतो. थराचं वजन मात्र वाढलेलं असतं. म्हणूनच पहिल्या पावसात दरड क्वचित येते. आधी कित्येक दिवसांची झड डोंगर भिजवते, मग एखाद्या रात्रीची अतिवृष्टी उरलेलं काम करते. माळीण गावावरची दरड ३० जुलै २०१४ ची, तळिये गावावरची २२ जुलै २०२१ ची. इर्शाळवाडीसह तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या, हा योगायोग नव्हे.

पावसाचं बदललेलं वागणं

अशा अतिवृष्टीला तापमानवाढ हातभार लावते: हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. तेही मोसमी वारे क्षीण होत असताना!

नकाशा किती बारीक?

दरड कुठे कोसळू शकते हे दाखवायला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उतार, खडक, जमिनीचा वापर आणि जुन्या दरडींच्या खुणा पाहून १:५०,००० प्रमाणाचे नकाशे करतं. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी जेमतेम दोन-चार मिलिमीटर भरते. तालुक्याच्या नियोजनाला हे पुरतं. कोणती घरं हलवायची, हे त्यावरून ठरवणं मला धाडसाचंच वाटतं. त्यासाठी मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि उतारावर पायी फिरणारा भूवैज्ञानिक लागतो.

केव्हा कोसळेल?

हे जास्त अवघड. आधी किती पाऊस मुरला आणि आता किती पडतोय, यावरून इशाऱ्याची पातळी ठरवतात. जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू झालं. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून. पण घाटात माथ्यावरचा पाऊस आणि पायथ्याचा पाऊस यांत मोठी तफावत असते, त्यामुळे तालुक्याच्या गावातलं पर्जन्यमापक डोंगराबद्दल फारसं सांगत नाही.

वाडीतल्या माणसांना दिसणाऱ्या खुणा वेगळ्या: उतारावर आडवी भेग, तिरकी झालेली झाडं, अचानक गढुळलेला झरा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजलं, तरी डोंगर सरकतोय का ते कळतं.