झेनॉन की एलईडी? रात्रीच्या रस्त्यावरचा सामना



चिखलीहून खामगावला जाणारा रस्ता आमच्या अमडापूरवरून जातो. अंधार पडल्यावर या रस्त्यावर कोण कोण असते, ठाऊक आहे? कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते. मागे दिवा नसलेली बैलगाडी असते. विजेची पाळी रात्रीची आली म्हणून ओलिताला निघालेला शेतकरी असतो. शेगावला पायी निघालेले भाविक असतात. आणि समोरून मोटारी येत असतात! कुणाचा दिवा पिवळसर, कुणाचा दुधासारखा पांढरा, तर कुणाचा चक्क निळसर.

मग मुलांचा वाद सुरू होतो. एक म्हणतो, "झेनॉनच भारी!" दुसरा म्हणतो, "छे, एलईडीच!" चला तर मग, आज या दोघांचा सामनाच लावून टाकू.

पहिलवानांची ओळख

आधी त्यांच्या थोरल्या भावाला भेटू. त्याचे नाव हॅलोजन. काचेच्या बल्बात टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून पांढरीफटक होते आणि उजेड देते. घरातल्या जुन्या बल्बचाच हा सुधारलेला अवतार. अजूनही कितीतरी गाड्यांत तोच असतो.

झेनॉनच्या दिव्यात तारच नसते! पावसाळ्यात ढगांत वीज चमकते ना, तशीच एक इवलीशी ठिणगी छोट्या कुपीत दोन टोकांमध्ये सतत जळत ठेवलेली असते. कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात. हा वायू रॅम्से आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ साली शोधला. 'झेनॉन' या ग्रीक शब्दाचा अर्थ परका, अनोळखी. नाव अगदी शोभते, कारण हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा एक भागही भरत नाही! जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९९१ साली आपल्या मोटारीला असे दिवे बसवले.

एलईडीत तारही नाही आणि ठिणगीही नाही. तो असतो अर्धवाहकाचा एक चिमुकला तुकडा. त्यातून वीज गेली की तो थेट प्रकाश देतो. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीच निघाले होते. निळा मात्र काही केल्या जमेना. तो जमवला आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. या कामासाठी तिघांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००७ साली जपानच्या लेक्सस कंपनीच्या मोटारीत एलईडीचे हेडलाइट आले.

सामना सुरू!

पहिली फेरी : कोण लवकर पेटतो? झेनॉनची ठिणगी पाडायला सुरुवातीला वीसएक हजार व्होल्टचा झटका लागतो. गाडीची बॅटरी तर अवघी १२ व्होल्टची! म्हणून त्याच्यासोबत दाब वाढवणारे वेगळे यंत्र द्यावे लागते. तरीही पूर्ण तेजाने जळायला त्याला काही सेकंद लागतात. एलईडी बटण दाबताक्षणी पेटतो. गुण एलईडीला.

दुसरी फेरी : उजेड किती? प्रकाश मोजायच्या मापाला ल्युमेन म्हणतात. हॅलोजन ५५ वॅट वीज खाऊन साधारण १००० ते १५०० ल्युमेन देतो. झेनॉन ३५ वॅटमध्येच ३००० च्या आसपास देतो. चांगला एलईडीही त्याला हार जात नाही. दोघांना बरोबरीचे गुण.

तिसरी फेरी : कोण जास्त टिकतो? हॅलोजन काहीशे तास, झेनॉन दोन-तीन हजार तास, तर एलईडी दहा हजार तासांहूनही अधिक. पण एक गोम आहे बरं का! एलईडीचा तुकडा मागच्या बाजूने तापतो. ती उष्णता बाहेर काढायला धातूच्या पट्ट्या किंवा छोटा पंखा लागतो. ही सोय नीट नसेल, तर एलईडी लवकर मंद होतो.

म्हणजे कुस्ती एलईडीने मारली. नव्या गाड्यांत तर आता झेनॉन जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

पण थांबा! पंच कोण?

आतापर्यंत आपण गाडीत बसून निकाल दिला. आता गाडीतून उतरा आणि समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहा.

अंधाराला पूर्ण सरावायला आपल्या डोळ्यांना अर्धा तास लागतो. पण झगझगीत प्रकाश ही सारी तयारी क्षणात मोडतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरच्या दिव्याने चालकाचे डोळे तीनच सेकंद दिपले, तरी तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे जवळजवळ चार मैदाने आंधळ्यासारखी पार केली! तेवढ्या अंतरात कुणाची तरी बैलगाडी असू शकते, नाही का?

म्हणूनच डिपरचा उजेड खाली आणि थोडा डावीकडे पडेल असा बेतलेला असतो. डावीकडे का? आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून रस्त्याची कड आणि कडेने चालणारी माणसे दिसावीत यासाठी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हेच सांगितले आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना त्याने दिपवता कामा नये. दीड मीटर! म्हणजे साधारण तुमच्या आईच्या डोळ्यांची उंची.

बल्ब बदलला, घोटाळा झाला

मग इतके डोळे का दिपतात? एक तर अप्पर दिल्यावर डिपर द्यायचा कंटाळा. दुसरे कारण असे की, काहीजण हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला झेनॉन किंवा एलईडीचा बल्ब बसवतात. दिव्याच्या आतला चकचकीत वाडगा, म्हणजे परावर्तक, हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा किंवा आकार जरा बदलला, की प्रकाश भलतीकडेच फाकतो. चालकाला वाटते, "वा, काय लख्ख दिसतंय!" आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. कारखान्यातूनच झेनॉन किंवा एलईडी घेऊन आलेल्या गाडीत दिवा, परावर्तक आणि भिंग एकमेकांसाठी बनवलेले असतात. तरी दिवा वर सरकला असेल किंवा मागे जड सामान भरल्याने गाडीचे नाक वर झाले असेल, तर तोही डोळ्यांत जातो.

करून पाहा

घरात पुढचे झाकण फिरवता येणारी जुनी विजेरी आहे का? अंधाऱ्या खोलीत भिंतीवर तिचा झोत टाका आणि झाकण हळूहळू फिरवा. झोत गोळा होतो, पसरतो, मध्ये काळा डागही पडतो. बल्ब तोच, सेल तेच! परावर्तकापासूनचे अंतर तेवढे बदलले. मोटारीच्या दिव्यात हेच घडते. मात्र विजेरी कुणाच्याही डोळ्यांवर मारू नका हं!

दुसरा प्रयोग मोठ्यांना सोबत घेऊन शाळेच्या मैदानावर करा. तिन्हीसांजेला दोघे मित्र सारख्याच अंतरावर उभे राहा, एक काळ्या सदऱ्यात आणि एक पांढऱ्या. मोठ्यांनी लांबून विजेरी घेऊन यावे. आधी कोण दिसतो, ते वहीत लिहा. मग रात्री बाहेर पडताना कोणता सदरा घालायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही. रस्त्याला पदपथ नसेल, तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसेल.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही थोडा गृहपाठ आहे. या आठवड्यात गाडीच्या दिव्यांच्या काचा पुसा. गॅरेजमध्ये झोताची उंची तपासून घ्या. बल्ब बदलायचा झाला तर कंपनीने सांगितलेल्याच जातीचा घ्या. बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावा. समोर गाडी असो, सायकल असो की पायी माणूस असो, डिपर द्याच.

तर सामन्याचा खरा निकाल काय? पेटण्यात, टिकण्यात एलईडी पहिला. पण चांगला दिवा कोणता, असे कुणी विचारले तर सांगा, आपल्याला रस्ता दाखवतो आणि समोरच्याचा रस्ता हिरावून घेत नाही, तो!