आईचं रोजचं लिखाण, इतिहासाचा पुरावा

भिलाईतल्या नेहरू नगरच्या पश्चिमेला, त्याच मुंबई–हावडा लोहमार्गावर राजनांदगाव आहे. कवी नारायण वामन टिळकांचं बिऱ्हाड तिथे काही काळ होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे संसार, मुलं, रुसवेफुगवे आणि टिळकांच्या १८९५मधल्या ख्रिस्ती धर्मांतराने झालेली ताटातूट ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिली. म्हणूनच घरातल्या आईचं रोजचं लिखाण हा अस्सल सामाजिक इतिहास मानला पाहिजे. धर्मांतराची नोंद चर्चच्या वहीत तारखेपुरती असते. त्या तारखेने सासर, माहेर आणि स्वयंपाकघरातलं सोवळं कसं हललं, ते लक्ष्मीबाईच सांगतात.

आठवणी एकांगी असतात, उशिरा लिहिलेल्या असतात, हा आक्षेप खरा आहे. १९३४पासून छापल्या गेलेल्या या आठवणी कितीतरी वर्षांनंतरच्या आहेत. पण सरकारी दप्तरही एकांगीच असतं, फक्त त्यावर लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. लक्ष्मीबाई स्वतःचा हट्ट, अज्ञान, भीती लपवत नाहीत, त्यामुळे त्यांचा कल वाचकाला तपासता येतो. भिलाईच्या पोलादनगरीत येऊन वसलेल्या मराठी घरांतल्या आयांच्या वह्याही याच आदराने जपायला हव्यात.