ब्लॉक साधा की डायनॅमिक?

संगणकावरचा नकाशा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण दाराचा साधा ब्लॉक तयार केला. मूळ ब्लॉक दुरुस्त केला की नकाशातली तशी सगळी दारे एकदम दुरुस्त होतात, हेही पाहिले. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले. ओढून माप बदलता येणारे डायनॅमिक ब्लॉक मात्र ऑटोकॅड २००६ पासून मिळाले. ही सोय असताना साधा ब्लॉक वापरायचाच कशाला? उत्तर कामावर ठरते.

रत्नागिरीत एखाद्या अपार्टमेंटचा नकाशा करायचा आहे असे समजा. दारांची मापे आधीच ठरलेली : बाथरूमला ७५०, खोल्यांना ९००, मुख्य दाराला १०५० मिलिमीटर. इथे तीन साधे ब्लॉक पुरतात. डावे-उजवे हवे असेल तर मिरर आहेच.

आता चिऱ्याच्या जुन्या घराची मोजणी घ्या. ओटीवरची भिंत एका जाडीची, माजघरातली दुसऱ्या. दोन खिडक्यांची मापे जुळतीलच असे नाही. साधा ब्लॉक आडवा ताणून वेळ मारून नेता येते, पण ९०० चे १००० केले की ७५ मिलिमीटरची चौकटही ८३ ची होते. नकाशा बघून सुतार चौकट करणार असेल, तर ही चूक थेट लाकडात उतरते. डायनॅमिक खिडकीत स्ट्रेच लावला की रुंदी वाढते, चौकट ७५ चीच राहते. भिंतीच्या जाडीसाठी दुसरा स्ट्रेच द्यायचा. अशा घरात ही मेहनत पहिल्याच दिवशी वसूल होते.

दाराचे प्रकरण अवघड. रुंदीबरोबर फळी लांबली पाहिजे, उघडण्याचा कंसही मोठा झाला पाहिजे. म्हणजे स्ट्रेचला स्केलची जोड हवी. त्यात फ्लिप आणि एकफळी-दुफळीसाठी व्हिजिबिलिटी घातली, की कोणती ग्रिप, म्हणजे ओढायची खूण, काय हलवते हे करणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय माप बदललेल्या ब्लॉकसाठी ऑटोकॅड आतून निनावी ब्लॉक तयार करते, त्यामुळे नुसत्या नावावरून दारे मोजायला गेलात तर हिशेब चुकू शकतो. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर दार दिसते, पण ग्रिप चालतीलच याची हमी नाही.

म्हणून ब्लॉक करण्याआधी कागदावर लिहा : या वस्तूचे नेमके काय बदलणार आहे? काहीच नाही, तर साधा ब्लॉक. कमोड, वॉश बेसिन, उत्तर दिशेचा बाण यांना ग्रिपची गरज नाही. एक-दोन मापे वारंवार बदलणार असतील, तर तेवढ्यापुरताच डायनॅमिक. पाच-सहा गोष्टी बदलणार असतील, तर एका ब्लॉकचे दोन करा. नकाशा तुमच्याकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जातो, उद्या तुमच्या जागी नवा ड्राफ्ट्समन येतो. ज्याला तुम्हाला फोन न करता ब्लॉक वापरता येईल, त्याच्यासाठी तो नीट बनला.

पुढील लेखात : ॲट्रिब्यूट आणि दार-खिडक्यांचा तक्ता.