मागचे शॉकअप घरीच सेट करा, माल नीट पोचेल

बाइकवर केक किंवा टिफिनची डिलिव्हरी सुरू करताना आपण बॉक्स, स्टिकर, पॅकिंग सगळं बघतो. मागच्या शॉकअपकडे कोणी बघत नाही. मग वर्तकनगरहून निघालेला केक घोडबंदर रोडचे खड्डे खात कासारवडवलीला पोचतो तेव्हा एका बाजूला बसलेला असतो. कस्टमर पैसे कापतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

स्प्लेंडरसारख्या गाडीला मागे दोन शॉकअप असतात, प्रत्येकाला ५ खाचा. स्प्रिंगच्या टोकाला पायऱ्या-पायऱ्यांची रिंग दिसेल, तीच ती. गाडी डबल स्टँडवर लावा, रिंगेतली माती ब्रशने काढा आणि हुक पान्याने एक खाच फिरवा. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात, हे अजिबात चुकवू नका. नाहीतर वळणावर गाडी विचित्र वागते.

आता किती फिरवायचं? इथे लोक गडबडतात. रिंग फिरवून स्प्रिंग काही ताकदवान होत नाही, फक्त लोडखाली गाडी कमी बसते. म्हणून एकटे असाल तर मऊ खाच, मागे २० किलोचे डबे असतील तर एक-दोन खाचा कडक, माल उतरला की परत मऊ. एका हलक्या केकसाठी शेवटची खाच लावलीत तर प्रत्येक खड्डा थेट बॉक्समध्ये! टायरची हवाही बघून घ्या.

शॉकअपवर तेल ओघळलंय? मग खाचा फिरवून उपयोग नाही, जोडी बदला. गॅसवाला शॉकअप घरी उघडायचा नाही, आत प्रेशर असतं. मोनोशॉकवाल्यांनी आधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांना सेटिंगच नसतं.