धुराला कुंपण घालता येते का?

विद्यार्थी मित्रांनो, जमिनीवर खडूने एक रेघ ओढली आणि धुराला बजावले, "या रेघेच्या पलीकडे यायचे नाही!" तर धूर ते ऐकेल काय? तुम्ही म्हणाल, हा काय वेडगळ प्रश्न! पण जपानमधील मोठमोठ्या शहरांना हाच प्रश्न कित्येक वर्षे सोडवावा लागत आहे, आणि तोही रेल्वे स्थानकांच्या अगदी दारात.

टोकियोत एखाद्या मोठ्या स्थानकातून बाहेर पडले, की समोरच्या चौकात उंच पडद्यांचा एक आडोसा दिसतो. आत माणसे दाटीवाटीने उभी राहून सिगारेट ओढत असतात. आडोशात धूम्रपानाला परवानगी आहे, पण तेथून चार पावले बाहेर येऊन सिगारेट पेटवली तर तो नियमभंग होतो. काही ठिकाणी जागच्या जागी दंडही भरावा लागतो. माणसांना हा नियम समजतो. धुराला तो कसा समजावायचा, हे मात्र हवेचे गुणधर्म जाणल्याशिवाय कळणार नाही.

एका सिगारेटीचे दोन धूर

जळत्या सिगारेटीतून दोन प्रकारचा धूर निघतो. ओढणारा माणूस झुरका घेतो तेव्हा सिगारेटीच्या आतून त्याच्या तोंडात जातो तो मुख्य धूर. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात टोकाशी धुमसणाऱ्या निखाऱ्यातून सरळ हवेत जातो तो बाजूचा धूर. झुरका घेताना निखाऱ्याचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. झुरका संपला की ते उतरते, तंबाखू अर्धवट जळू लागते आणि म्हणून बाजूच्या धुरात काही विषारी द्रव्यांचे प्रमाण मुख्य धुरापेक्षाही अधिक असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला प्रामुख्याने हाच धूर येतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये सापडली आहेत. त्यांपैकी सुमारे सत्तर द्रव्ये कर्करोगाला कारणीभूत होऊ शकतात.

या धुरातील कण फार बारीक असतात. त्यांतील बहुतेकांचा व्यास एक मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो. एवढा हलका कण स्थिर हवेत खाली बसायचा म्हटले तरी तासाला काही सेंटिमीटर इतकाच उतरतो. तुमच्या डोक्याच्या उंचीवरील कण जमिनीला टेकायला दिवसच्या दिवस लागतील. तेव्हा "धूर आपोआप खाली बसेल" ही आशा व्यर्थ आहे. धूर हवेबरोबर जातो. हवा जिकडे जाईल तिकडे तो जाणार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते.

फलाटापासून चौकापर्यंत

१९६० च्या दशकात जपानमधील दर पाच पुरुषांपैकी चार पुरुष धूम्रपान करीत. आगगाडीच्या डब्यात, फलाटावर, कचेरीत, सगळीकडे धूर असे. सुप्रसिद्ध शिंकान्सेन गाड्या १९६४ मध्ये सुरू झाल्या, पण त्यांत धूम्रपानास बंदी असलेला पहिला डबा जोडला गेला तो १९७६ मध्ये. तोही 'कोदामा' या गाडीच्या सोळा डब्यांपैकी फक्त एक! १९८० मध्ये काही नागरिकांनी धूरमुक्त डब्यांची संख्या वाढवावी म्हणून न्यायालयात दावा लावला. १९८७ मध्ये तो फेटाळला गेला. पण दावा चालू असतानाच असे डबे वाढू लागले होते. खटला हरला, मागणी मात्र पुढे सरकली.

याच सुमारास विज्ञानाने एक महत्त्वाचा पुरावा पुढे केला. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांचे पती भरपूर सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. पतीच्या सिगारेटी जितक्या जास्त, तितका धोका मोठा. हा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. दुसऱ्याच्या धुराला 'केवळ त्रास' म्हणण्याचे दिवस संपले.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. आपल्याला वाटेल, की बंद खोलीत धूर साचतो, म्हणून बंदी आधी खोलीत आली असेल आणि मग रस्त्यावर. जपानमध्ये बऱ्याच अंशी उलटे घडले! टोकियो स्थानक ज्या चियोडा विभागात येते, त्या विभागाने २००२ मध्ये ठरावीक रस्त्यांवर धूम्रपान करणाऱ्याकडून दोन हजार येन दंड घेण्यास सुरुवात केली. रस्त्यावरील सिगारेटीबद्दल असा दंड वसूल करणारे जपानमधील हे पहिले स्थानिक शासन. त्या काळी तेथील उपाहारगृहांत मात्र खुशाल सिगारेट ओढता येत होती.

असे का झाले? कारण रस्त्यावरच्या बंदीमागे पहिला विचार धुराचा नव्हता, तो निखाऱ्याचा आणि थोटकांचा होता. चालत्या माणसाच्या हातातील सिगारेट नेमकी लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. स्थानकाच्या गर्दीत सातशे-आठशे अंशांचा निखारा मुलाच्या डोळ्याजवळून जाणे किती भयंकर आहे, याची कल्पना करा. शिवाय जमिनीवर फेकलेली थोटके! त्यांचे बूच कापसासारखे दिसते, पण ते असते सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे. ते लवकर कुजत नाही.

धुराचा विचार करणारा कायदा टप्प्याटप्प्याने आला. २००३ मध्ये अमलात आलेल्या आरोग्यवर्धन कायद्याने, लोकांना दुसऱ्याच्या धुरापासून जपण्याचा प्रयत्न करावा, असे सार्वजनिक जागांच्या चालकांना सांगितले. त्याच वर्षी टोकियो परिसरातील अनेक खाजगी रेल्वे कंपन्यांनी आपली स्थानके धूरमुक्त केली. जेआर पूर्व या मोठ्या कंपनीच्या फलाटांच्या टोकांना असलेले धूम्रपानाचे कोपरे २००९ मध्ये टोकियो परिसरातून हटले. २०१८ मध्ये कायदा कडक करण्यात आला व १ एप्रिल २०२० पासून तो पूर्णपणे लागू झाला. घराबाहेरच्या बहुतेक बंदिस्त जागांत आता धूम्रपानास मनाई आहे. सूट आहे ती ठरावीक मापाने बांधलेल्या खास खोल्यांना आणि काही लहान जुन्या उपाहारगृहांसारख्या अपवादांना. तोकाइदो, सान्यो व क्युशू या शिंकान्सेन मार्गांवरील गाड्यांत उरलेल्या धूम्रपान-खोल्याही मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या.

एक स्थानक, दोन नियम

शिंजुकू हे जगातील सर्वाधिक गर्दीचे स्थानक मानले जाते. येथे दिवसाला तीस लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करतात. हे अवाढव्य स्थानक शिंजुकू आणि शिबुया या दोन विभागांच्या सीमेवर पसरले आहे. शिंजुकू विभागाने २००५ मध्ये आपल्या सगळ्या रस्त्यांवर धूम्रपानास मनाई केली, पण दंड ठेवला नाही. समज देण्यावर भर दिला. शिबुया विभागाने २०१९ पासून संपूर्ण विभागात दोन हजार येन दंड लावला. म्हणजे एकाच स्थानकाच्या दोन दारांबाहेर दोन वेगळे नियम! सीमेची रेघ नकाशावर ठळक असते. धुराला ती दिसत नाही.

काचेच्या खोलीचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इमारतीच्या आत धूम्रपान-खोली बांधायची असेल तर जपानच्या कायद्यात तीन अटी आहेत. खोली भिंती व छत यांनी वेगळी केलेली हवी. आतील धूर इमारतीच्या बाहेर सोडला पाहिजे. आणि तिसरी अट सर्वांत मार्मिक आहे: खोलीच्या दारातून हवा सेकंदाला किमान ०.२ मीटर वेगाने आत वाहिली पाहिजे.

कायदा येथे धुराला अडवायला भिंतीबरोबर वारा उभा करतो! हवा सतत आत येत राहिली, तर तिच्याविरुद्ध पोहत धूर बाहेर येऊ शकत नाही. यासाठी केवढा पंखा लागेल, हे तुम्हीच काढून पाहा. दार ९० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर उंच असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. त्याला ०.२ ने गुणले, की उत्तर येते ०.३६ घनमीटर. म्हणजे पंख्याने दर सेकंदाला ३६० लिटर हवा बाहेर फेकली पाहिजे. खोली ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असेल तर तीत २५ घनमीटर हवा मावेल. भागाकार करा: सुमारे सत्तर सेकंदांत खोलीभर हवा बदलावी लागेल! दाराला पडदा लावून उघडी जागा निम्मी केली, तर निम्म्या ताकदीचा पंखा पुरेल. अशा खोल्यांच्या दारांना पडद्याच्या पट्ट्या का लावतात, याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पण एवढ्याने काम फत्ते झाले का? नाही. माणूस चालतो तेव्हा त्याच्या मागे हवा ओढली जाते. साधी चालसुद्धा सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाची असते, म्हणजे दारातील वाऱ्याच्या पाचपटीहून जास्त. बाहेर पडणारा माणूस आपल्या पाठीमागे धुराचे शेपूट घेऊनच निघतो. शिवाय शेवटच्या झुरक्यानंतर काही काळ त्याच्या श्वासातून आणि कपड्यांतून धुरातील द्रव्ये बाहेर पडत राहतात. नारा प्रांतातील इकोमा या शहराने तर २०१८ मध्ये आपल्या नगर कार्यालयात नियमच केला, की धूम्रपान केल्यानंतर ४५ मिनिटे कर्मचाऱ्याने उद्वाहनात, म्हणजे लिफ्टमध्ये, पाऊल ठेवायचे नाही.

चौकातील आडोसा

चौकातील उघड्या आडोशाची गोष्ट वेगळी. तेथे छत नसते किंवा अर्धवट असते. गरम धूर वर चढतो आणि मोकळ्या हवेत मिसळून विरळ होतो. पडदे माणसाच्या उंचीहून उंच असतात, त्यामुळे धूर शेजाऱ्याच्या नाकाशी न येता डोक्यावरून जावा, अशी योजना असते. अनेक आडोशांचे प्रवेशद्वार सरळ न ठेवता वळणाचे ठेवतात, म्हणजे आतील धुराला थेट वाट मिळत नाही. वारा पडलेला असेल तेव्हा ही युक्ती बरी चालते. वारा सुटला, की धूर पडद्यावरून, पडद्याखालून, दारातून निघतो आणि वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या बसच्या रांगेवर जातो. म्हणूनच काही ठिकाणी आता पंखे व गाळण्या बसवलेल्या बंदिस्त खोल्या चौकात उभ्या राहू लागल्या आहेत.

मग आडोसे काढूनच का टाकत नाहीत? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. २०२० च्या साथीच्या काळात अनेक आडोसे बंद ठेवण्यात आले. तेव्हा काही ठिकाणी लोक बंद आडोशाच्या बाहेर आणि जवळच्या गल्ल्यांत उभे राहून सिगारेट ओढू लागले. ओसाका शहराने जानेवारी २०२५ पासून सगळ्या शहरात रस्त्यावरील धूम्रपानाला बंदी केली आणि एक हजार येन दंड ठेवला. पण त्याबरोबर ठरावीक जागांची संख्याही वाढवली. केवळ मनाई केली तर धूर नाहीसा न होता जागा बदलतो, असा तेथील अनुभव आहे. उलट बाजूचे लोक म्हणतात, की आडोसा जवळ असला की सवय सुटणार कशी? त्यात भर म्हणजे, जपान टोबॅको या कंपनीचे किमान एक-तृतीयांश भागभांडवल सरकारने बाळगावे असे तेथील कायदाच सांगतो. वर्गात या विषयावर वादविवाद घ्या. दोन्ही बाजूंना मुद्दे सापडतील.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ पाण्याची बादली असू द्या. पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्या. एका बाजूला हाताच्या पंजाएवढे दार कापा. समोरच्या बाजूला वरच्या अंगाला एक भोक पाडा आणि ते कागदाने झाका. वरचे झाकण काढून तेथे पारदर्शक कागद ताणून चिकटवा. वाटीत वाळू भरून तीत उदबत्तीचा छोटा तुकडा खोचा, पेटवा आणि ती वाटी खोक्याच्या मधोमध ठेवा. दारातून धूर कसा बाहेर येतो ते पाहा.

आता मागचे भोक उघडा आणि तेथे बॅटरीवरचा लहान पंखा असा धरा, की तो आतली हवा बाहेर खेचेल. दारातला धूर मागे वळेल. मग पुठ्ठ्याचा एक माणूस कापून तो दोऱ्याने दारातून झटकन बाहेर ओढा. त्याच्या पाठोपाठ धुराची एक पुसट रेघ आलेली दिसेल. स्थानकावरील काचेच्या खोलीचे यश आणि तिची मर्यादा, दोन्ही तुम्हाला एका खोक्यात पाहायला मिळतील.

वीस वर्षांची रेघ

जपानमध्ये आणखी एक रेघ आहे. वीस वर्षांखालील व्यक्तीला धूम्रपानाची मनाई १९०० सालापासून आहे. २०२२ मध्ये सज्ञान होण्याचे वय अठरावर आले, तरी ही अट वीसवरच राहिली. धूम्रपान-खोलीत वीस वर्षांखालील कोणीही जाऊ शकत नाही. तेथे नोकरीला असलेल्या तरुणाला झाडलोट करण्यासाठीसुद्धा आत पाठवता येत नाही. कायदा असे मानतो, की वाढत्या फुप्फुसांना त्या हवेत एक फेरीसुद्धा नको.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत जपानी पुरुषांमधील धूम्रपानाचे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आलेले दिसले. पाचांत चार वरून चारांत एक! या घसरणीमागे कर, शिक्षण, डॉक्टरांचे सल्ले, बदललेल्या सवयी अशी अनेक कारणे आहेत. स्थानकांवरील नियम हा त्यांतील एक भाग.

तर, धुराला कुंपण घालता येते का? रेघेने नाही, पडद्याने थोडेसे, भिंत आणि वारा यांनी बरेचसे. पूर्णपणे मात्र कशानेच नाही. दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ च्या अहवालात स्पष्ट सांगितले आहे. जी सिगारेट पेटलीच नाही, तिच्या धुराला मात्र कुंपणाची गरज पडत नाही. आणि मित्रांनो, ते कुंपण घालणे तुमच्या हातात आहे.