तळ्यातला स्पंज आणि प्राण्यांची पहिली ओळख

शहापूरचा माहुली किंवा मुरबाडचा नाणेघाट चढताना पायाखाली लागणारा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. प्राणिसृष्टीच्या हिशेबात तो अगदी अलीकडचा. रशियात श्वेत समुद्राकाठी सापडलेला डिकिन्सोनिया हा चपटा जीव जवळजवळ 55.8 कोटी वर्षांचा. त्याच्या ठशातले कोलेस्टेरॉलचे अंश 2018 मध्ये सापडले आणि तो प्राणीच होता या मताला बळ मिळाले. असे ठसे इथल्या कातळात मिळणे शक्य नाही. शिवाय ठसे फसवतातही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया सापडल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले; 2023 मध्ये तो आग्या माश्यांच्या पोळ्याचा राहिलेला डाग निघाला. नुसत्या आकारावर विसंबले की असे होते. म्हणून प्राण्यांची मूळ लक्षणे शोधायची तर जिवंत शरीरांची साक्ष काढावी, आणि माझ्या मते आपल्या मुलखात त्यासाठी सर्वांत सोयीचा साक्षीदार गोड्या पाण्यातला स्पंज आहे.

मुंबई बेटावरच्या तळ्यांतल्या स्पंजांचे सविस्तर वर्णन हेन्री जॉन कार्टर या डॉक्टरांनी 1849 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचेच नाव मिळालेली जात, युनेपियस कार्टेराय, भारतात साचलेल्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी आढळते. दगडाला किंवा बुडालेल्या काटकीला चिकटलेला हा भुरकट गोळा पाहून त्याला प्राणी म्हणायला कोणी धजणार नाही. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत आणि तो जागचा हलत नाही. पण अंगभर असलेल्या छिद्रांतून तो पाणी ओढतो आणि त्यातले जीवाणू खातो. अन्न स्वतः तयार न करता दुसऱ्याचे तयार अन्न आत घेऊन पचवणे, हे पहिले लक्षण. एवढ्यावर भागत नाही, कारण अमिबाही तेच करतो. दुसरे लक्षण जास्त महत्त्वाचे: भिंत नसलेल्या असंख्य पेशी कोलॅजेनसारख्या प्रथिनांच्या आधाराने एकत्र राहतात आणि कामे वाटून घेतात.

यावर आक्षेप येतो की स्पंज म्हणजे एकपेशीय जीवांची नुसती वसाहत. एच. व्ही. विल्सन या प्राणिशास्त्रज्ञांनी 1907 मध्ये समुद्री स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पुन्हा जुळून स्पंज उभा राहिला. आक्षेप घेणारे हाच प्रयोग आपल्या बाजूने मांडतील. मला त्यात उलटेच दिसते: पेशींना आपले सोबती ओळखता येतात. शिवाय स्पंजात अंडी व शुक्राणू असतात आणि त्याचे पिल्लू पोहतेही. पाणी ढवळणाऱ्या त्याच्या पेशींना एक शेपटी आणि तिच्याभोवती गळपट्टी असते. कोॲनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव हुबेहूब तसेच दिसतात. त्यांपैकी एकाचा जनुकसंच 2008 मध्ये वाचला गेला, तेव्हा प्राण्यांत पेशी चिकटवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांची जनुके त्या एकांड्या जीवातही निघाली. म्हणजे शरीर घडण्याआधीच त्याची सामग्री हजर होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2023 मध्ये गुणसूत्रांवरील जनुकांच्या मांडणीवरून असे दिसले की प्राण्यांच्या मूळ खोडापासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा स्पंजांची नसून कंगव्यासारख्या केसपट्ट्यांनी पोहणाऱ्या टिनोफोरांची असावी. त्यांना तर मज्जातंतू असतात. हे खरे ठरले, तर एक तर स्पंजांनी मज्जातंतू गमावले, नाहीतर टिनोफोरांत ते स्वतंत्रपणे उपजले. वाद अजून चालू आहे. पण कोणीही जिंकले तरी तयार अन्न पचवणे आणि पेशींची बांधिलकी ही दोन्ही लक्षणे दोन्ही शाखांत आहेतच. मज्जातंतूंचे तसे म्हणता येत नाही.

आपल्या तळ्यांतल्या स्पंजाने आणखी एक गोष्ट साधली आहे: पाणी आटले तरी तगून राहणे. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तशा कोरड्या दिवसांत स्पंजाचे अंग मरते आणि मोहरीहून बारीक, कडक कवचाचे कण मागे राहतात. पाऊस पडला की त्यांतून नवा स्पंज फुटतो. तेव्हा यंदा वैशाखात गावतळ्याचा गाळ उपसायला घेण्याआधी काठचे दगड आणि बुडालेल्या काटक्या उलटून पाहा, आणि असे कण चिकटलेले दिसले तर चार दगड तळ्यातच राहू द्या.