सुई शिरते कुठून?

ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाची खुर्ची पेशंटच्या उशाशी असते. मॉनिटरवर नजर ठेवून उरलेल्या वेळात सर्जनचे हात बघत बसायला तिथे कुणाची हरकत नसते. माझ्या नोकरीची बरीच वर्षं मुतखड्याच्या ऑपरेशनांना या खुर्चीत गेली. खडे सारखे, यंत्रं सारखी. पण दोन सर्जन अगदी एकाच रीतीने काम करताहेत असं क्वचितच दिसलं. कोण कुणाच्या हाताखाली शिकलंय, हे तर पहिल्या पाच मिनिटांतच कळायचं.

आधी रीतसर माहिती उरकून टाकते. लहान खडा शरीराबाहेरून शॉकवेव्हने फोडता येतो; म्युनिकमध्ये १९८० साली ही सोय सुरू झाली. लघवीच्या मार्गानेच लवचिक दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन लेसरने खडा फोडतात, ती आरआयआरएस. खडा साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की पाठीतून किडनीपर्यंत वाट करून तो काढतात, ती पीसीएनएल. स्वीडनच्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी ती १९७६ साली जगापुढे मांडली. झाली माहिती.

आता माझ्या आवडीचा भाग, पंक्चर. अठरा गेजची लांब सुई कातडीतून, स्नायूंतून थेट किडनीतल्या ठरलेल्या कॅलिक्समध्ये न्यायची. कॅलिक्स म्हणजे जिथे लघवी प्रथम गोळा होते तो छोटासा कप्पा. सुई त्याच्या टोकातून, नाकासमोर शिरली तर रक्त फारसं जात नाही. तीच बाजूने, कॅलिक्सच्या मानेतून घुसली तर तिथे मोठ्या रक्तवाहिन्या टपून बसलेल्या. पुढे दुर्बीण कितीही भारी असो, ऑपरेशन सुरळीत जाणार की रडवणार हे बरंचसं इथेच ठरतं.

सुई नेणाऱ्यांचे पंथ आहेत. ‘बुल्स आय’वाले सी-आर्म, म्हणजे क्ष-किरणांचं फिरतं यंत्र, पंचवीस-तीस अंश तिरका करतात आणि सुई क्ष-किरणांच्या बरोबर रेषेत धरतात. पडद्यावर तेव्हा सुई दिसतच नाही, नुसता ठिपका दिसतो. तो कॅलिक्सवर बसला की सुई आत, आणि मग सी-आर्म दुसऱ्या कोनात नेऊन खोली तपासायची. ‘ट्रँग्युलेशन’वाल्यांचा भर दोन कोनांवर. एका कोनातून डावं-उजवं जुळवायचं, दुसऱ्यातून खोली, आणि एक सुधारताना दुसरं तसूभर हलू द्यायचं नाही. त्यासाठी हाताचा कोपरापुढचा भाग पेशंटच्या पाठीवर टेकवलेला असतो. मी पाहिलेल्या एका सर्जनबाईंचा तो हात जणू टेबलालाच जोडलेला वाटे. तिसरा पंथ सोनोग्राफीवाल्यांचा. नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमध्ये डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चांगलाच रुजवला. चीनमध्येही त्याचा मोठा प्रसार आहे. पंक्चरपुरतं रेडिएशन नाही, वाटेत आतडं किंवा प्लीहा आली तर दिसते. मात्र सुईचं टोक पडद्यावर सतत दिसत ठेवायला हात तयार लागतो.

आणि इथे माझं काम येतं. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते. त्यामुळे ऐन मोक्याला हुकूम सुटतो, “मॅडम, श्वास थांबवा.” (पेशंटचा. मी आपणहोऊनच थांबवलेला असतो.) किडनी खाली यावी म्हणून कुणाला छाती भरलेली हवी असते. कुणी पूर्ण उच्छ्वासावर थांबायला सांगतात, कारण वरच्या कॅलिक्ससाठी सुई बरगडीच्या वरून जाणार असेल तर फुफ्फुस आणि त्याचं आवरण वाचवायचं असतं. मग सुईच्या पोटातली तार काढायची आणि थेंबाची वाट बघायची. काहीजण आधीच खालून निळं औषध सोडून ठेवतात. थेंब निळा आला की शंकाच नको.

सुई किडनीच्या मागच्या-बाहेरच्या अंगाने का नेतात, याचं उत्तर मात्र एका चित्रकाराकडे जातं. लाइपझिगचा माक्स ब्रोडेल वैद्यकीय चित्रं काढायला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आला. चित्र काढण्याआधी वस्तू समजली पाहिजे हा त्याचा हट्ट. त्यापायी किडनीच्या रक्तवाहिन्यांचा त्याने स्वतः अभ्यास केला आणि पुढच्या व मागच्या शाखांच्या मधला, कमी रक्तस्रावाचा पट्टा १९०१ मध्ये दाखवून दिला. तो बरोबर मध्यावर नाही, किंचित मागे आहे. चित्रकाराचं नाव सर्जनांच्या तोंडी अजून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पालथं की उताणं, हा वाद दुसरा. नळी घातलेला, भूल दिलेला माणूस पालथा करताना चार-पाच जण लागतात, आणि मान, डोळे, नळी सांभाळायची जबाबदारी माझी. म्हणून मी उघड पक्षपाती आहे: मला उताणंच आवडतं. ही पद्धत स्पेनमध्ये वाल्दिविया यांनी पुढे आणली, मग बास्क प्रांतातल्या गाल्दाकाओच्या मंडळींनी पायांची मांडणी बदलून ती अशी सुधारली की एक सर्जन कुशीतून आणि दुसरा लघवीच्या मार्गाने, एकाच वेळी काम करू शकतो. वाट खाली उतरती असल्याने तुकडे आपसूक बाहेर येतात. पण पालथ्यावर हात फिरवायला जागा भरपूर मिळते. किडनीभर शिंगासारखा पसरलेला खडा असेल तर अनेकांना तेच हवं असतं, आणि ते चूक म्हणवत नाही. खडा पूर्ण निघण्याचं प्रमाण दोन्हींत साधारण सारखंच असतं.

वाट केवढी करायची यातही एकमत नाही. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. जुनी वाट तीस फ्रेंचची, म्हणजे करंगळीहून थोडी कमी. मिनी त्याच्या साधारण निम्मी. आणि नडियादहून २०११ मध्ये आलेली मायक्रोपर्क तर पाच फ्रेंचच्याही आतली. वाट लहान असली की रक्त कमी जातं, पण वेळ वाढतो आणि आतला दाब सांभाळावा लागतो.

लेसरवाल्यांचीही दोन मतं आहेत: कमी ऊर्जा, जास्त ठोके देऊन खड्याचा भुगा करायचा, की जास्त ऊर्जेने तुकडे पाडून बास्केटने वेचायचे. भुगा करणारे लवकर घरी जातात. वेचणारे जाताना खडा तपासणीला पाठवतात.

शेवटी नळी. खडा निघाल्यावर पाठीत नळी ठेवायची की नुसता आतून स्टेंट घालून टाका मारायचा? नळीशिवाय दुखणं कमी, घरी जाणं लवकर, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तरी आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर्जन प्रत्येकाला नळी ठेवत. का, असं एकदा विचारलं. “रात्री झोप लागावी म्हणून.” पेशंटला का, असं मी म्हटल्यावर त्यांनी ग्लोव्हज काढले. “पेशंटला कशी लागेल? पाठीत नळी आहे त्याच्या.”